छायाचित्रामागची नावे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी याच इमारतीत चार वर्षे बाकावर बसलो. त्यामुळे आज व्याख्याता म्हणून उभे राहताना मला संकोच वाटतो. उशिरा केलेला गृहपाठ गुरुजींना दाखवावा, एवढाच माझा अधिकार आहे आणि तेवढ्याच भावनेने मी बोलणार आहे.

चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी "काही जुनी छायाचित्रे" असे कळविले. ती शाळेची असतील, अशी त्यांची समजूत झाली. ती शाळेची नाहीत. ती अलास्कातील मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांची आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे कामाला गेलेले विद्यार्थी त्यांत उभे आहेत. काही वर्षांपूर्वी मुलीकडे सिॲटल शहरी राहण्याचा योग आला असता तेथे ती माझ्या पाहण्यात आली. पाहता पाहता मला एकसारखी या शाळेची आठवण येत राहिली. ती का आली, हे सांगण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. श्रोत्यांनी तेवढा धीर धरावा.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन नावाचा मासा विपुल आढळतो. आपल्याकडे रावसाला हौसेने 'इंडियन सॅमन' म्हणतात, परंतु दोघांचे नाते नाही. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्याच नदीकडे परततो. हे परतणे उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत उरकते. या आठवड्यांत मासा लाखोंच्या संख्येने येतो आणि एरवी नदी रिकामी असते. एका हंगामात आलेली ही संपत्ती टिकवायची कशी, या प्रश्नाचे उत्तर पत्र्याच्या डब्याने दिले. पॅसिफिक किनाऱ्यावरचा असा पहिला कारखाना १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीवर निघाला. अलास्कात ही सुरुवात १८७८ मध्ये झाली. पुढे अलास्काचा उद्योग इतका वाढला, की १९३६ च्या एका हंगामात तेथे ऐंशी लाखांहून अधिक पेट्या भरल्या गेल्या. एका पेटीत एकेक पौंडाचे अठ्ठेचाळीस डबे, हे तेथील माप.

हे कारखाने सिॲटलपासून शेकडो मैल उत्तरेला, खाडीच्या काठी, लाकडी खांबांवर पाण्यात पुढे आलेले. मागे डोंगर आणि अरण्य, पुढे समुद्र. बहुतेक ठिकाणी रस्ता नाहीच. जहाजाने जायचे आणि हंगाम संपल्यावर जहाजानेच परतायचे. जवळपास आदिवासींच्या वस्त्या असत आणि तेथील माणसे, विशेषतः स्त्रिया, कारखान्यात काम करीत. परंतु तेवढ्या हातांनी भागत नसे. बाकीचे मनुष्यबळ दक्षिणेकडून जहाजात भरून न्यावे लागे.

आरंभी हे मनुष्यबळ चिनी मजुरांचे होते. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घातली. जुने चिनी कामगार म्हातारे होत गेले आणि त्यांच्या जागी प्रथम जपानी व नंतर फिलिपिनो तरुण आले. याच काळात, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, मासा कापून साफ करणारे एक यंत्र निघाले. कापणाऱ्या कुशल चिनी कारागिरांची जागा त्याने घेतली. त्या यंत्राचे नाव ठेवले 'आयर्न चिंक'. 'चिंक' ही चिनी माणसाला दिली जाणारी शिवी आहे. माणसाचे काम गेले, पण त्याला दिलेली शिवी यंत्राच्या अंगावर ओतीव अक्षरांत राहिली.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. १८९८ पासून फिलिपाईन्स अमेरिकेच्या ताब्यात होते. तेथील शाळांत इंग्रजी शिकविले जाई आणि पुस्तकांतून अमेरिकेचे गुणगान होई. १९०३ पासून काही निवडक फिलिपिनो विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने अमेरिकेत पाठविण्यात आले. त्यांचे यश पाहून पुढे हजारो तरुण स्वतःच्या हिमतीवर निघाले. हातात सरकारी वेतन नव्हते. हिवाळ्यात वर्गात बसायचे आणि उन्हाळ्यात फीचे पैसे मिळवायचे, असा त्यांचा बेत. उन्हाळ्यातले हमखास काम म्हणजे अलास्काची 'कॅनरी'. या फेऱ्या करणाऱ्यांना त्यांच्याच लोकांत 'अलास्केरो' असे नाव पडले. फिलिपाईन्समधून आलेला कार्लोस बुलोसान हा लेखक १९३० मध्ये सिॲटलच्या बंदरात उतरला. अमेरिकेतील फिलिपिनो मजुराच्या जीवनाचे त्याचे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातही या कारखान्यांचे वर्णन आहे.

या कारखान्यांची जुनी छायाचित्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार जाणत्या निरीक्षकांनी किंवा कारखानदारांनी घेतलेल्यांचा. जॉन कॉब नावाचे मत्स्यखात्याचे एक अधिकारी होते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९१९ मध्ये मत्स्यशास्त्राचे महाविद्यालय निघाले, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांनी जमविलेली छायाचित्रे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. अशा छायाचित्रांत यंत्रे, माशांचे ढीग, डब्यांच्या उतरंडी ठळक दिसतात. माणूस यंत्राचे आकारमान कळावे म्हणून उभा केल्यासारखा दिसतो.

दुसरा प्रकार कामगारांनी स्वतःसाठी काढवून घेतलेल्यांचा. हीच छायाचित्रे मी अधिक वेळ पाहिली. राहण्याच्या लाकडी चाळीपुढे दहाबारा तरुण उभे आहेत. केस तेल लावून नीट विंचरलेले, अंगात कोट, गळ्यात टाय. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती मेंडोलिन. माशाचा मागमूस नाही. पाहणाऱ्याला एखाद्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे चित्र वाटावे. ही छायाचित्रे समुद्रापलीकडे आईवडिलांना पाठविण्यासाठी असत. "मी सुखात आहे, माझी काळजी करू नये," असे ती सांगत.

क्वचित एखादे छायाचित्र कारखान्याच्या आतले असते. आत उजेड कमी, कॅमेऱ्याची झडप सावकाश मिटणारी. त्यामुळे चेहरे स्पष्ट उमटले आहेत आणि हात पुसट झाले आहेत. चेहरा क्षणभर स्थिर ठेवता येई, हात थांबविता येत नसत. मित्रहो, मला हे एक छायाचित्र त्या सर्व कोटटायच्या चित्रांपेक्षा खरे वाटले.

ते हात काय करीत होते? यंत्रातून डोके, पर आणि आतडी काढलेला मासा पुढे येई. त्याच्या पोटातले उरलेसुरले रक्त आणि चिकटा सुरीने खरवडून थंड पाण्यात धुवायचा. मागून मासा येतच राही. पुढे तुकडे करायचे, डब्यात भरायचे, वजन पाहायचे, झाकण बसवायचे. मग डबे लोखंडी तबकांत रचून मोठ्या बंद पात्रात वाफेच्या दाबाखाली ठेवायचे. मासा डब्यातच शिजतो आणि म्हणून टिकतो. मासा आला की कामाला घड्याळ नसे, कारण नासणाऱ्या वस्तूला थांबवून ठेवता येत नाही. मासा आला नाही की दिवस रिकामे जात.

आणि त्या चाळी? गोऱ्या कामगारांची निवासस्थाने वेगळी, फिलिपिनोंची वेगळी, आदिवासींची वेगळी. जेवणाच्या खोल्याही वेगळ्या. यंत्र दुरुस्त करणारे, सुतार, हिशेबनीस हे बहुतांशी गोरे आणि मासा धुणारे बहुतांशी सावळ्या वर्णाचे. म्हणून या छायाचित्रांत सगळे एकाच वर्णाचे दिसतात. ते एकमेकांचे मित्र होते हे खरेच. परंतु दुसऱ्या चाळीतला माणूस त्यांच्या शेजारी उभा राहणे त्या रचनेत बसत नव्हते. छायाचित्राची चौकट छायाचित्रकाराने ठरविली, असे आपण समजतो. येथे ती आधीच कोणीतरी आखून ठेवली होती.

शिवाय मध्ये ठेकेदार होता. कारखानदार ठेकेदाराशी करार करी आणि ठेकेदार माणसे पुरवी. माणसांचे जेवण त्याच्याच हाती, उचल त्याच्याच हाती, जुगाराचे टेबलही पुष्कळदा त्याच्याच आशीर्वादाने चाले. हंगामाच्या अखेरीस हिशेब होई तेव्हा फीपुरतेही पैसे हाती न आलेले विद्यार्थी होते. त्यांचे शिक्षण त्या वर्षी थांबे, पुढच्या वर्षी थांबे आणि काहींचे कायमचेच थांबे. मग कॅलिफोर्नियाच्या शेतांवर आणि पुन्हा अलास्कात, असे फिरत आयुष्य जाई. कोटातल्या त्या हसऱ्या मुलांपैकी कितीजण पदवीपर्यंत पोचले, हे छायाचित्र सांगत नाही.

परंतु त्यांतील काही जणांनी एक गोष्ट केली आणि तीच मला आज सांगायची आहे. त्यांनी आपण उभे आहोत त्या रांगेकडे पाहिले. सिॲटलमध्ये १९३३ मध्ये या कामगारांची संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत शिकलेल्या आणि शिकत असलेल्या तरुणांचा वाटा होता. माणसे ठेकेदाराने नव्हे, तर संघटनेने कामावर पाठवावीत, ही त्यांची मागणी. याची किंमत मोजावी लागली. १९३६ च्या डिसेंबरात संघटनेचे अध्यक्ष व्हर्जिल दुयुंगन आणि चिटणीस ऑरेलियो सिमॉन यांना एका ठेकेदाराच्या नातलगाने गोळ्या घातल्या. परंतु ते दशक संपण्यापूर्वी ठेकेदारी मोडली.

ठेकेदारी मोडली तरी चाळी मोडल्या नाहीत. पुढच्या पिढीत त्याच अलास्केरोंची अमेरिकेत जन्मलेली मुले विद्यार्थी म्हणून त्याच कारखान्यांत उन्हाळी कामाला गेली. त्यांतले दोघे सिल्मे डोमिंगो आणि जीन व्हिएर्नेस. वडिलांच्या पिढीने गृहीत धरलेली गोष्ट या मुलांना खटकली. मासा धुणाऱ्याला सुतार का होता येत नाही, जेवणाच्या खोल्या दोन का, असे प्रश्न त्यांनी विचारले. कोण कोठे राहतो, कोण काय काम करतो, कोणाला कोठून भरती केले, याची माहिती गोळा केली. व्हिएर्नेसने जुन्या अलास्केरोंचा इतिहास लिहिण्यास घेतला. १९७० च्या दशकात या तरुणांच्या पुढाकाराने काही कंपन्यांविरुद्ध भेदभावाचे दावे गुदरण्यात आले. त्यांतील वॉर्ड्स कोव्ह कंपनीविरुद्धचा दावा १९७४ चा. वादी म्हणून फ्रँक अटोनिओ या कामगाराचे नाव त्याला आहे.

त्याच वेळी हे दोघे संघटनेच्या आतली लाचखोरीही निपटून काढू पाहत होते आणि फिलिपाईन्समधील मार्कोस यांच्या हुकूमशाहीविरुद्ध बोलत होते. १ जून १९८१ रोजी सिॲटल येथे संघटनेच्या कचेरीतच दोघांवर गोळ्या झाडण्यात आल्या. दोघेही एकोणतीस वर्षांचे. व्हिएर्नेस जागीच गेला. डोमिंगो रस्त्यापर्यंत आला, मारेकऱ्यांची नावे सांगून गेला आणि दुसऱ्या दिवशी वारला. मारेकऱ्यांना शिक्षा झाली. पुढे १९८९ मध्ये दिवाणी दाव्यात ज्युरीने या हत्येची जबाबदारी मार्कोस यांच्यावरही टाकली.

त्याच १९८९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉर्ड्स कोव्हचा निकाल दिला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो कामगारांच्या विरुद्ध गेला. खालच्या कामात एका वर्णाचे लोक अधिक आणि वरच्या कामात दुसऱ्या वर्णाचे, एवढ्याने भेदभाव सिद्ध होत नाही, असे बहुमताचे म्हणणे. वेगळ्या चाळी आणि वेगळी भोजनगृहे पाहून मळ्यांवरील जुन्या व्यवस्थेची अस्वस्थ करणारी आठवण होते, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या भिन्नमतपत्रात नोंदविले. या निकालावर इतकी टीका झाली, की १९९१ मध्ये संसदेला नागरी हक्कांचा नवा कायदा करावा लागला. त्याने देशभरच्या कामगारांना दिलासा मिळाला. परंतु त्यात एक कलम असे घातले गेले, की ठरावीक तारखांच्या अटीत बसणारे जुने दावे यातून वगळावेत. नाव कोणाचेही नव्हते, पण त्या तारखांत बसणारा दावा व्यवहारात एकच होता. ज्यांच्या लढ्यामुळे कायदा बदलला, त्यांनाच तो लागू झाला नाही.

मित्रहो, एवढ्या दूरची कथा मी आपल्याला का सांगितली? कष्ट करून शिकणे ही आपल्या समाजाला परकी गोष्ट नाही. वार लावून जेवणारे, मधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघर होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच पॅसिफिक किनाऱ्यावरच्या राज्यांत पहिल्या महायुद्धापूर्वी शेतकीशास्त्र शिकले, तेही अंगमेहनत करीतच. या सर्वांचा आपण गौरव करतो आणि तो योग्यच आहे. परंतु गौरव करताना एक धोका असतो. कष्टांचे कौतुक केले, की त्या कष्टांची रचना कोणी केली, मजुरी कोणी ठरविली, हे विचारायचे राहून जाते. श्रमाला प्रतिष्ठा आहे, हे मुलाला शिकवावे. पण त्या श्रमाचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याला आहे, हेही शिकवावे. पहिले शिकविले आणि दुसरे शिकविले नाही, तर आपण ठेकेदारासाठी उत्तम माणसे तयार केली, एवढेच होईल.

आता घरची गोष्ट. माझे बालपण वडगावात गेले. शहापूर-वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. मे महिन्याची सुटी म्हणजे आमच्यासाठी मागावरच्या कांड्या भरण्याचे दिवस. एका वर्षी वर्गाचे सामुदायिक छायाचित्र परीक्षेनंतर काढण्याचे ठरले आणि मी त्या दिवशी आलो नाही, कारण कामावर होतो. गुरुजींची एक पद्धत होती. छायाचित्राच्या मागे ते बोरूने सर्वांची नावे रांगेनुसार लिहीत. त्या वर्षी सर्वांत खाली त्यांनी लिहिले, "अनुपस्थित", पुढे माझे नाव आणि कंसात "कांड्या भरावयास गेला."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर्गात डॉक्टरांचा मुलगा होता, वकिलांचा होता. पुढच्या वर्षी तसबिरी पुसण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी त्या ओळीवर कोरा कागद खळीने चिकटवून टाकला. खळ घरचीच, सुताला लावायची. गुरुजींच्या हे लक्षात आले. ते मला काहीही बोलले नाहीत. मात्र त्या वर्षीच्या छायाचित्रामागे त्यांनी प्रत्येक नावापुढे एक नवा रकाना आखला, "सुटीतील उद्योग". कोणापुढे "दुकानात वडिलांस मदत", कोणापुढे "भात मळणे", कोणापुढे "धाकट्या भावंडांस सांभाळणे". डॉक्टरांच्या मुलापुढे "काही नाही". तो बिचारा रडवेला झाला आणि पुढच्या सुटीत वडिलांच्या दवाखान्यात बाटल्या धुऊ लागला. माझ्यापुढे पुन्हा "कांड्या भरणे" आणि या वेळी त्यापुढे आणखी एक आकडा होता. गुरुजींनी मला विचारले होते, "शेकडा किती मिळतात?" मी सांगितले. "आणि मोठ्या माणसाला?" ते मला ठाऊक नव्हते. "विचारून ये," असे ते म्हणाले.

मी विचारून आलो. मोठ्या माणसाला जास्त मिळत होते. कांडी मात्र तीच होती. हा माझ्या आयुष्यातला अर्थशास्त्राचा पहिला धडा. पुढे पोटापाण्यासाठी मी तोच विषय शिकविला, परंतु त्या एका प्रश्नाच्या पुढे फार गेलो, असे मला वाटत नाही.

अलास्काची ती छायाचित्रे पाहताना मी अनेकदा मागची बाजू मनातल्या मनात उलटून पाहिली. पुष्कळांखाली नावे नाहीत. "अज्ञात कामगार" एवढीच नोंद. त्यांच्यामागे बसून बोरूने नावे लिहिणारा कोणी नव्हता. व्हिएर्नेस ते काम करू लागला होता. त्याला पुरते करू दिले नाही.

आपल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर जुन्या तसबिरी अजून आहेत. आज सकाळी मी त्या पाहिल्या. काहींच्या मागचा पुठ्ठा कसरीने खाल्ला आहे, काहींची शाई उडाली आहे. त्या वेळचे विद्यार्थी आज साठी-सत्तरीत आहेत आणि वर्षागणिक कमी होत आहेत. संचालक मंडळाला माझी नम्र विनंती आहे, की या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना एका रविवारी बोलवावे आणि ती नावे पुन्हा लिहून काढावीत. शिपाईमामांची लिहावीत, घंटा देणाऱ्याचे लिहावे, पाणी भरणाऱ्या बाईंचेही लिहावे. जे आले नव्हते त्यांचीही लिहावीत आणि ते कोठे गेले होते, तेही लिहावे. या कामाला खर्च नाही. फक्त वेळ उरलेला थोडा आहे.

आणि त्या एका तसबिरीमागे अजून एक कोरा कागद चिकटलेला आहे. माझी खळ एवढी पक्की निघेल असे मला वाटले नव्हते. मुख्याध्यापकांची अनुमती असेल, तर व्याख्यान संपल्यावर तो मी स्वतः ओल्या फडक्याने हळूहळू सोडवीन. खालची शाई शिल्लक असली तर ठीकच. नसली, तर ती ओळ मला पाठ आहे. मी ती पुन्हा लिहून देईन.